सर्व्हिसिंगला गाडी नेण्याआधी: गोव्यातल्या गाडीवाल्यांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी गाडीचं सर्व्हिस बुक काढा, डॅशबोर्डच्या खणात असेल नाहीतर घरी आरसीच्या फाइलीत, आणि त्यात किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे शोधा, आणि त्यांच्या बाजूला बारीक अक्षरात 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं त्याच्याखाली पेनाने रेघ मारा. गोव्यात ही ओळ फार महत्त्वाची कारण इथे आपली गाडी पळते किती, म्हापसा ते पणजी ऑफिस, सोमवारी मंगेशी, कधीतरी चोर्ला चढून बेळगाव, बऱ्याच घरांतल्या गाड्यांचे वर्षाला १०,००० किलोमीटर होतच नाहीत. म्हणजे मीटरकडे बघत बसलात तर मीटर ६,००० वर आणि तारीख कधीच उलटून गेलेली. आणि मग पुढे इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये काही निघालं की काउंटरवर पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, सर तुमची सर्व्हिस लेट आहे, वॉरंटीत बसणार नाही. त्यामुळे इकडे कॅलेंडर बघायचं, मीटर नंतर.

उदाहरण म्हणून मारुतीचं सांगतो, पहिली फ्री सर्व्हिस १,००० किमी किंवा १ महिना, दुसरी ५,००० किंवा ६ महिने, तिसरी १०,००० किंवा १ वर्ष, आणि नंतर दर १०,००० किंवा दर वर्षाला. बाकी कंपन्यांचं थोडं थोडं वेगळं, तुमच्या पुस्तकातलं तेच खरं, शेजाऱ्याने सांगितलेलं नको. फ्री म्हणजे लेबर फ्री, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात, ते बघून बिल जास्त आलं म्हणून भांडू नका. प्रत्येक तारखेच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर फोनमध्ये आत्ताच टाका, आणि तारीख ऑगस्ट-सप्टेंबरात येत असेल तर अजून आधीचा, कारण चतुर्थीच्या आधी सगळ्या गोव्याला गाडी धुऊन पुसून हवी असते आणि वर्कशॉपला अपॉइंटमेंट मिळत नाही. त्यांच्याकडे तारीख नसल्यामुळे तुम्हाला उशीर होत असेल तर तसं मेल करून ठेवा, दोन ओळी पुरेत, अमुक तारखेला बुकिंग मागितलं, तमुक तारीख मिळाली. फोनवर बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, मेल राहतो.

त्याच पुस्तकात शेवटी शेवटी कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा तक्ता असतो, धूळ, खारी हवा, सतत घाट, सतत छोट्या फेऱ्या, असं. लोक तो तक्ता दुसऱ्या कोणासाठी आहे असं समजून पान उलटतात, पण वाचून बघा, त्यात आपला गोवाच लिहिलाय. सांगे, सावर्डे, उसगाव, डिचोली बाजूला खाणीचे ट्रक चालू असले की लाल धूळ एअर फिल्टरमध्ये किती बसते ते फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर आपटून बघितल्याशिवाय कळत नाही, तिथे फिल्टर दर सर्व्हिसला उघडून बघायला सांगायचाच. कांदोळी, कोलवा, बाणावली अशा समुद्राजवळच्या गाड्यांना, आणि रोज दिवाडी किंवा चोडणची फेरीबोट घेणाऱ्यांना (रॅम्पवर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात) खालून गंज धरतो, तर महिन्यातून एक-दोनदा गोड्या पाण्याने खालून धुवायची आणि सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना स्वतः खाली उभं राहून सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे हात बघायचे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने कसे असतात ते माहीत आहेच, तेव्हा किलोमीटर कमी झाले म्हणून हे पुढे ढकलू नका.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, ती काजळी जाळायला गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते, आणि घर ते बाजार ते घर एवढीच गाडी चालत असेल तर तो भरत जातो आणि लाइट लागतो. मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे हायवेवर एक लांब सलग फेरी मारा, ६६ नंबर आहेच. लाइट लागूनही तशीच चालवत राहिलात आणि तो पूर्ण चोंदला तर हा वापराचा दोष म्हणून वॉरंटी नाकारतात आणि पार्ट महाग आहे.

आता न्यायच्या आदल्या आठवड्याची तयारी. गाडीत जे काही वाटतंय ते एका कागदावर लिहा, पण 'आवाज येतो' असं नाही, कधी येतो ते. सकाळी थंड इंजिन असताना की गरम झाल्यावर, कितव्या गिअरमध्ये, डावीकडे वळताना की उजवीकडे, एसी चालू असताना की बंद, पाऊस पडून गेल्यावरच का. जमेल तर मागे बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा, वॉर्निंग लाइट लागला तर लगेच फोटो, मीटरचा आकडा फोटोत दिसला पाहिजे. मी हे इतकं का सांगतोय, तर वर्कशॉपला गेल्यावर गाडी मुद्दाम केल्यासारखी गुणी वागते, आवाज गायब, आणि जॉब कार्डवर (गाडी सोडताना वर्कशॉप तुमच्या तक्रारी आणि करायची कामं लिहितं तो कागद) 'नो प्रॉब्लेम फाउंड' लिहून गाडी परत येते, आणि वॉरंटीचे महिने मात्र जात राहतात. व्हिडिओ असला की तसं लिहिणं अवघड होतं.

सोडायच्या दिवशी गाडीतलं सामान काढा, चारी बाजूंनी फोटो, ओरखडे असतील ते जवळून, मीटर, पेट्रोलचा काटा, स्टेपनी आणि जॅक. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून तुमच्या गाडीला काही रिकॉल आहे का तेही आदल्या रात्री बघून ठेवा, असेल तर ते काम फुकट होतं, वॉरंटी संपलेली असली तरी साधारण होतं, पण विचारावं लागतं. गाडी ठेवून परत यायला कदंब बस बघावी लागणार की पिकअप-ड्रॉप मिळणार ते आधी ठरवा, आणि पिकअप घेत असाल तर ड्रायव्हरच्या हातात चावीबरोबर तो तक्रारींचा कागद द्या आणि त्याचा फोटो ॲडव्हायझरला, म्हणजे वर्कशॉपमध्ये तुमची गाडी लिहून घेणाऱ्या माणसाला, व्हॉट्सॲप करा. माझं मत मात्र असं की काही तक्रार असेल तर पिकअप नको, स्वतः जावं.

कारण जॉब कार्ड. माझ्या मते सगळ्या यादीत ही एकच गोष्ट नीट केली तरी अर्धं काम झालं. ॲडव्हायझर तुम्ही बोलता ते ऐकून आपल्या शब्दांत टाइप करतो, तुम्ही सांगता 'चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये झटका मारते' आणि तो लिहितो 'जनरल चेकअप'. सही करायच्या आधी वाचा, आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, गोड बोलून लावा, 'बाब, एवढं एक लिही ना' म्हटलं की बहुतेक लिहितात. तीच तक्रार दुसऱ्यांदा असेल तर मागच्या जॉब कार्डचा नंबर घालून 'रिपीट' असं लिहून घ्या. जमत असेल तर मेकॅनिकला बाजूला बसवून एक चक्कर मारा आणि आवाज ऐकवा, आणि टेस्ट ड्राइव्ह केली हेही कार्डावर यायला हवं. कार्डाची कॉपी किंवा पीडीएफ घेतल्याशिवाय निघायचं नाही.

आमच्या शेजारच्या भावांची गाडी एसी थंड होत नाही म्हणून वर्षभरात परत परत जात होती, दर वेळी गॅस टॉपअप करून परत, आणि वॉरंटी संपल्यावर त्याच वर्कशॉपने सांगितलं की कंप्रेसर गेलाय, पैसे पडतील. त्यांच्याकडे प्रत्येक वेळचं कार्ड होतं आणि प्रत्येकावर 'एसी थंड होत नाही' हेच शब्द होते, तारखांसकट. दोष वॉरंटीत असतानाच सांगितला होता हे कागदावर दिसत होतं, कंपनीच्या माणसाने ती कार्डं बघितली आणि कंप्रेसर फुकट बदलून दिला. तोंडी सांगितलं असतं तर काहीच हातात नव्हतं.

एस्टिमेट लिखित मागा, आणि त्यात इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, कोटिंग असं काही दिसलं तर विचारा की हे सर्व्हिस बुकमध्ये या किलोमीटरला लिहिलंय का, दाखवा. नसेल तर नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ते नाकारल्याने वॉरंटी जात नाही. खालचं अँटी-रस्ट कोटिंग समुद्राजवळ राहणाऱ्याने घ्यावं असं मला वाटतं, ते त्यातलं कामाचं आहे. दुपारी फोन करून 'सर अजून एक पार्ट खराब निघाला, करू का' विचारतील, तेव्हा फोटो आणि रेट व्हॉट्सॲपवर मागा आणि हो किंवा नाही तिथेच लिहा. घेताना पैसे देऊन बदललेले जुने पार्ट मागून बघा, वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनीकडे जातो, तो मिळणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, लेबरवर १८ होताच, तेव्हा बिलात कुठे जुना २८ लागलाय का बघा.

वॉरंटीत काय नसतं ते आधी माहीत असलं की भांडण योग्य ठिकाणी करता येतं. ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, झिजलेली क्लच प्लेट, हे झिजायचे पार्ट, नसतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ज्या कंपनीचा टायर किंवा बॅटरी तिची. बाहेरून वायर कापून लावलेले हॉर्न, लाइट, म्युझिक सिस्टीम असेल तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी तेवढ्यापुरती अडवतात, म्हणून असं काही लावायचं तर कपलरवालं, म्हणजे वायर न कापता प्लगने जोडायचं, लावा आणि बिल ठेवा. घराला कुळागर (पोफळी-माडांची बाग) असेल तर पावसात उंदीर बॉनेटमध्ये घुसून वायरी खातात, माडाखाली गाडी असली तर नारळ पडून काच जाते, ही कामं इन्शुरन्सची. आणि तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, अजिबात नको, इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, वॉरंटी ते देत नाही आणि साधा इन्शुरन्सही बहुतेक वेळा देत नाही, 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं ॲड-ऑन कव्हर घेतलेलं असावं लागतं. ढकलून बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा.

बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली म्हणून सगळी वॉरंटी रद्द, असं कोणी सांगितलं तर माहिती असू द्या की २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड लावला होता आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका असंही त्या आदेशात म्हटलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, दंडाचं काय झालं तो वेगळा विषय, पण वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला करा, वादाला जागाच ठेवू नका. पंक्चर, वॉशिंग, डेंट खुशाल ओळखीच्याकडे.

आणि एवढं करून नाही म्हणाले तर? पहिलं, नकार लिहून मागा, कारण आणि वॉरंटीचं कुठलं कलम ते, मेलवर. इथेच कितीतरी नकार मऊ पडतात. मग त्याच कंपनीचं दुसरं वर्कशॉप, पर्वरीला अडलं तर मडगाव किंवा वेर्णा, हिस्ट्री सगळ्यांना कॉम्प्युटरवर दिसते आणि दुसरा डीलर कधी कधी तेच काम वॉरंटीत करून देतो. तिथेही नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, सीसीमध्ये डीलरचा सर्व्हिस मॅनेजर, तारीखवार घटना, जॉब कार्ड जोडलेली, आणि कंपनीच्या एरिया मॅनेजरने गाडी तपासावी अशी स्पष्ट मागणी. तिकीट नंबर लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, ती फुकट आहे आणि कंपनीपर्यंत पोचते.

शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच केस घालता येते, शोरूम कुठेही असू दे, म्हणजे उत्तर गोव्याला पर्वरी आणि दक्षिणेला मडगाव. ५० लाखांपर्यंत भरलेल्या किमतीच्या केस जिल्हा आयोगात, ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० ला ४००, त्याच्या वर १,०००. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही भरता येते. मुदत मात्र दोन वर्षं, म्हणून 'बघू, करतो' यात वेळ घालवू नका. कंपनी आणि डीलर दोघांनाही केसमध्ये विरुद्ध पक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो. दोष तांत्रिक असेल तर गाडीची तज्ज्ञ तपासणी आयोगाकडून मागता येते, आणि निकाल लागेपर्यंत गाडीचा तो पार्ट बाहेर उघडू नका. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच, असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरून चाला.

वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी दोन कामं उरतात. एक म्हणजे सगळ्या छोट्या तक्रारी एका कार्डावर नोंदवून गाडी पूर्ण तपासून घेणं, खिडकीची मोटर, सीटचा आवाज, काहीही. दुसरं एक्सटेंडेड वॉरंटी, घ्यायची तर कंपनीची स्वतःचीच घ्या, मूळ वॉरंटी चालू असताना घ्या, आणि पावतीवर कुठले पार्ट धरलेत ती पानं वाचून मगच पैसे द्या.