वेताळ टेकडीवर स्वच्छतेला जाताय? या चुका टाळा

पुण्यात लोक 'टेकडीला जाऊन येतो' म्हणतात, एखाद्या आत्याकडे जाऊन यावं तसं. गोखलेनगरकडून चढा, पाषाणकडून, कोथरूडकडून किंवा लॉ कॉलेज रस्त्यावरून, वर वेताळाच्या देवळापाशी पोचलात की शहरातल्या सगळ्यात उंच जागी असता, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवर. या टेकडीवर पुणेकरांचा जीव आहे, आणि तो साधासुधा नाही. २०२३ मध्ये टेकडीवरून नियोजित रस्त्याला विरोध करायला आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे मोर्चात आले होते.

त्यामुळे टेकडीवर कचरा दिसला की हात शिवशिवतात आणि लोक पोतं घेऊन येतात. ते यावेतच. पण गेली काही वर्षं आमच्या रविवारच्या गटाबरोबर काम करताना बघतोय, की जीव लावून केलेल्या कामात चुकलं तर कुणी बोलून दाखवत नाही आणि तीच चूक पुढच्या रविवारी पुन्हा होते. त्यातल्या काही आमच्या हातूनही झाल्या. आता आमचा एकच नियम आहे: माणसाने वर आणलेलं तेवढं खाली न्यायचं. खाली दिलेल्या बहुतेक चुका हा नियम मोडल्यानेच होतात.

पालापाचोळा झाडून काढणं

नव्याने येणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक. घराचं अंगण झाडायची आपल्याला सवय, म्हणून खराटा आणि दाताळं घेऊन लोक येतात, झाडाखालची जमीन लख्ख करतात आणि पाल्याचा ढीग लावतात. मग कुणीतरी ढीग पेटवून देतं. उघड्यावर पाला किंवा कचरा जाळायला बंदी आहे हे एकवेळ बाजूला ठेवा, फेब्रुवारी ते मे टेकडीवरचं गवत काडेपेटीसारखं असतं. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की अख्खा उतार काळा होतो.

पाला कुजतो, त्याची माती होते, पावसाचं पाणी त्याच्यात अडतं आणि खालच्या काळ्या खडकाच्या भेगांमधून झिरपतं. पाला काढला की उघडी माती पहिल्याच वळवात धुपून ओढ्यात जाते. पाल्याखाली गोम असते, पाल असते, साप असतो, आणि वर रातवा पक्षी बसलेला असतो. रातवा घरटं करत नाही, अंडी सरळ जमिनीवर घालतो.

टिटवीचंही तसंच. एका एप्रिलमध्ये आम्ही भरलेली पोती एका मोकळ्या माळावर आणून टाकत होतो. दोन टिटव्या डोक्यावरून ओरडत, झेपा घेत होत्या. एकजण म्हणाला, 'आपल्याला घाबरल्यात.' दहा मिनिटांनी आमच्यातल्या एका मावशींनी हात धरून थांबवलं आणि बोट दाखवलं. माझ्या बुटापासून हातभर अंतरावर खड्यांच्या मधोमध चार अंडी होती, मातकट रंगाची, वर काळपट डाग. खडे कुठले आणि अंडी कुठली, हे वाकून पाहिल्याशिवाय कळलं नसतं. तेव्हापासून मार्च ते ऑगस्ट आम्ही पोती पायवाटेच्या कडेलाच ठेवतो, आणि टिटवी ओरडायला लागली की ती जागा सोडून देतो. तिथली एखादी पिशवी राहिली तरी चालेल.

दगड उलटे करणं, ते रचून 'छान कडा' करणं हेही टाळा. त्या दगडाखाली विंचू राहतो. तो आपल्यालाही चावू नये आणि त्याचंही घर मोडू नये.

पोती भरायची, पण ती जाणार कुठे हे न ठरवणं

मोहिमेचं खरं काम इथे आहे. तीस माणसांनी दोन तास काम केलं की पंचवीस-तीस पोती सहज भरतात. ती फाटकापाशी रचली, फोटो काढले आणि सगळे नाश्त्याला गेले. संध्याकाळपर्यंत कुत्री आणि गायी पोती फाडतात, आणि जो कचरा टेकडीभर पसरला होता तो एका जागी पसरतो.

आधीच्या आठवड्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना सांगा, किंवा जवळच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, जाऊन मुकादमांना भेटा. कुठल्या फाटकावर, साधारण किती पोती, गाडी किती वाजता येणार, एवढं पक्कं करा. तारीख-वेळ लिहून पाठवा, कारण तोंडी सांगितलेलं रविवारच्या पाळीच्या माणसापर्यंत पोचतंच असं नाही. टेकडीचा काही भाग वन विभागाकडे आहे, काही महापालिकेकडे, काही खासगी. आपण कुठल्या हद्दीत काम करतोय ते माहीत असू द्या. वन विभागाच्या भांबुर्डा वनक्षेत्रात जाणार असाल तर वनरक्षकांना आधी कळवा. ते सोबत आले तर कामही सोपं होतं.

वर्गीकरण उचलतानाच करा, खाली आल्यावर पुन्हा पोती ओतायचा कुणालाच हुरूप नसतो. बाटल्यांचं एक पोतं, काचेचं वेगळं भांडं, आणि चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे द्रोण यांचं तिसरं. पाण्याच्या बाटल्या आणि बिअरचे कॅन विकले जातात. चकचकीत आतलं अस्तर असलेली पाकिटं कुणी भंगारात घेत नाही. परिसरातल्या कचरावेचक ताईंना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पुण्यात त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. विकला जाणारा माल त्यांना द्या, ते त्यांच्या कष्टाचं पोट आहे.

आणखी एक. सिमेंटच्या किंवा खताच्या विणलेल्या प्लास्टिक गोण्या भरून 'नंतर नेऊ' म्हणून टेकडीवर ठेवू नका. काही महिने ऊन खाल्लं की त्या गोणीचा धागा-धागा सुटतो. एका पावसाळ्यानंतर अशी विसरलेली गोणी उचलायला गेलो तर ती हातातच विरली. आतला कचरा होता तसा, आणि वर गोणीचे हजारो पांढरे तुकडे गवतात. ते वेचायला चौघांची सकाळ गेली, तरी सगळे निघाले नाहीत.

काच पोत्यात टाकणं

फुटलेल्या बाटल्या पोत्यात टाकून पोतं पाठीवर मारायचं, ही चूक एकदा केलेला माणूस पुन्हा करत नाही, कारण पाठ कापते. काचेसाठी रंगाचा रिकामा वीस लिटरचा डबा न्या, अर्धाच भरा, झाकण लावा. वरचेवर मिळणारे पातळ रबरी हातमोजे काचेला उपयोगाचे नाहीत, वेल्डिंगवाले वापरतात तसे चामड्याचे घ्या. लांब चिमटा असेल तर वाकावंही लागत नाही. सुई किंवा सिरिंज दिसली तर मुलांना लांब ठेवा आणि चिमट्यानेच उचलून जाड बाटलीत घाला. डब्यावर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. खाली तो डबा रिकामा करणाऱ्या माणसाचेही हात आहेत.

झाडं लावून मोकळं होणं

जून आला की कचऱ्याची मोहीम आपोआप वृक्षारोपणाची होते. कुणाच्या तरी ओळखीने दोनशे रोपं येतात, त्यात गुलमोहर, रेन ट्री, कधी कडुनिंब. खड्डे घेतले जातात ते नेमके मोकळ्या माळावर, कारण तिथे 'काहीच नाही' असं वाटतं.

तिथे गवत आहे. कुसळी, मारवेल, पवना. त्यात चंडोल घरटं करतो, तित्तिर पिलं हिंडवतो, पावसाळ्यात चार आठवडे दिसून गायब होणारी रानफुलं असतात. वेताळ टेकडी हा झुडपी, गवताळ उतार आहे. त्याला घनदाट जंगल करायला निघालो तर जे आहे तेही जातं. हा धडा टेकडीवरच उभा आहे. पूर्वी हिरवाईसाठी लावलेलं गिरिपुष्प, म्हणजे कोकणातली उंदीरमारी. झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, वाढतं भराभर, पण त्याच्या दाट सावलीत खाली फारसं काही उगवत नाही. एका सकाळी आधी गिरिपुष्पाच्या पट्ट्यातून चाला आणि मग पळस, सालई, मोईच्या उतारावरून. पक्ष्यांच्या आवाजातला फरक कानांना लगेच कळतो. म्हणून कुऱ्हाड घेऊन गिरिपुष्प तोडायला मात्र जाऊ नका. वनजमिनीवर असो वा महापालिकेच्या, परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे.

लावायचंच असेल तर वन विभागाशी बोलून, त्यांनी सांगितलेल्या जागी, इथलीच जात लावा: धावडा, खैर, मेडशिंगी, हिवर, वारस. दोनशेऐवजी वीस लावा आणि दोन उन्हाळे पाणी घाला. पाण्यासाठी उलट्या टांगलेल्या बाटल्या रोप जगल्यावर काढून आणा. जी झाडं वाळली नाहीत त्यांना वाळलेली समजू नका. फेब्रुवारीत सालई आणि गणेर पार उघडे असतात. गणेरच्या निष्पर्ण फांदीवर पिवळीधमक फुलं उमलतात, तेव्हा कळतं झाड किती जिवंत आहे ते. आणि खरंच वाळलेला बुंधा असेल तर तोही राहू द्या, त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो.

दिसेल ते रान उपटणं

गाजरगवत उपटायलाच हवं. हे विलायती तण आपल्याकडे पहिल्यांदा लक्षात आलं तेच पुण्यात, १९५५ च्या सुमारास. ते फुलायच्या आधी, ओल्या जमिनीतून मुळासकट काढायचं. फुलल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. केशरी फुलांचा कॉसमॉस फोटोत सुरेख दिसतो आणि लोक तो काढू देत नाहीत, पण तोही बाहेरचाच आणि रानफुलांची जागा खातो. घाणेरीचंही तेच, फक्त तिच्या जाळीत पक्षी असतात म्हणून विणीच्या काळात हात लावू नका.

धोका असा की या धुमाळीत तेरडा, सोनकी, कुर्डूही 'तण' म्हणून उपटले जातात. वनस्पती ओळखणारं एक माणूस सोबत असल्याशिवाय उपटणी काढूच नका.

दाणे, पीठ, पाण्याची भांडी

मुंग्यांना साखर, मोरांना दाणे, कुत्र्यांना पोळ्या. यामागे पुण्य आहे असं मानणारे लोक भले आहेत, त्यांना दुखवू नका. पण टाकलेल्या अन्नावर उंदीर आणि भटकी कुत्री वाढतात, आणि तीच कुत्री पुढे तित्तिराची पिलं मारतात. उन्हाळ्यात ठेवलेलं पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जो रोज भांडं भरेल त्यानेच ते ठेवावं.

चुना, खिळे आणि पाट्या

झाडाला गेरू-चुना फासणं, खोडात खिळा ठोकून 'कचरा टाकू नका'ची पाटी लावणं, मुळांभोवती सिमेंटचा पार बांधणं. तिन्ही बंद.

देवाच्या तसबिरी कचऱ्याच्या पोत्यात घालणं

वडापिंपळाखाली जुन्या तसबिरी, फुटलेल्या मूर्ती, निर्माल्य ठेवलेलं असतं. ते इतर कचऱ्यासारखं पायाने लोटलं की आजूबाजूचे लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. वेगळी स्वच्छ टोपली आणा, हाताने उचला. काच, लाकूड आणि कागद खाली आणून वेगळे करा. फुलं खतात जातील, पण आधी हारातला दोरा आणि जरीची पट्टी काढा. ती काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्या वेळी कुणी आजी येऊन उभ्या राहिल्या तर त्यांच्याशी बोला. आमच्याकडे अशाच एक आजी आता दर पंधरवड्याला स्वतः टोपली भरून देतात.

दारू पिणाऱ्या मुलांवर तुटून पडणं

टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेला बसलेल्या टोळक्याला पाहून राग येतोच. पण सात-आठ जणांपुढे दोघांनी आवाज चढवला तर मार खायची वेळ येते आणि बाटली तिथेच फुटते. एकटे जाऊ नका, मोबाइल तोंडावर रोखू नका. 'बाटल्या या पिशवीत टाका, आम्ही नेतो' म्हणून रिकामी पिशवी ठेवून पुढे चला. बऱ्याचदा परतताना ती भरलेली सापडते. दादागिरी झाली तर ११२ ला फोन करा.

एकाच रविवारी शंभर माणसं

बॅनर, छापील टी-शर्ट, ध्वनिक्षेपक, शंभर पाण्याच्या बाटल्या आणि वडापावच्या प्लेटा. अशी मोहीम संपल्यावर मागे किती कचरा राहतो ते आम्ही मोजलंय. एकदा तर मोहिमेच्याच बाटल्यांची दोन पोती भरली. आणि इतके पाय पायवाट सोडून पसरले की गवत तुडवलं जातं, नव्या वाटा पडतात, पावसात त्याच वाटांच्या घळी होतात.

बारा-पंधरा माणसं, दर पंधरा दिवसांनी, एक ठरलेला ओढा किंवा उतार. घरचं पाणी, घरचा डबा. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं असतं, कचरा दिसतच नाही. तेव्हा पायवाटांवर काम करा. उतार घ्या ते जानेवारीनंतर, गवत बसल्यावर. मेअखेर ओढे आटोपले पाहिजेत, कारण पहिल्या पावसात तिथलं सगळं मुळा-मुठेत जातं.

एका वहीत तारीख, जागा आणि पोती लिहून ठेवा. चार महिन्यांत कळतं की सगळा कचरा टेकडीभर नसतो, चार-पाच ठरलेल्या जागीच पडतो. मग महापालिकेला पेटी कुठे हवी हे वही दाखवून सांगता येतं. आणि सोमवारी संध्याकाळी कुणीतरी एकाने फाटकापाशी चक्कर मारून पोती उचलली गेली का ते बघायचं. नसतील उचलली, तर लगेच मुकादमांना फोन.