तणाव युद्धाकडे सरकतोय का, हे कसं ओळखायचं

दोन देशांत वाद पेटला की बहुतेक जण भाषणं मोजायला लागतात. कोण किती कडक बोललं यावरून अंदाज बांधतात आणि फसतात, कारण धमकी द्यायला काही खर्च येत नाही. युद्ध किती जवळ आलंय हे दोन गोष्टींवरून कळतं: निर्णय घ्यायला किती वेळ उरलाय, आणि नाक न कापता मागे फिरायला वाट उरलीय का.

आधी एका वहीत तीन रकाने आखा: तारीख, काय बोललं गेलं, प्रत्यक्ष काय हललं. तिसरा रकाना रिकामा असेल, तर दुसऱ्यात कितीही आग ओकलेली असो, घाबरायचं कारण कमी. दुसरा थंडावला आणि तिसरा भरत चालला, तर मात्र सावध व्हा.

मुदतींवर सर्वात आधी नजर ठेवा. पहिलं महायुद्ध कसं पेटलं ते बघा. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातल्या सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांचा खून झाला. त्यानंतर तीन-साडेतीन आठवडे वरवर शांतता होती. पडद्याआड ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला होता. मित्राने असा कोरा धनादेश दिला की लहान भांडणाला मोठ्याचं बळ मिळतं, म्हणून अशी आश्वासनं वहीत ठळक लिहा. खुनाचा ठपका ठेवून २३ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला, मुदत ४८ तास. ३१ जुलैला जर्मनीने रशियाला दिलेली मुदत फक्त १२ तासांची होती. आठवड्यांवरून तासांवर येणं, हीच ती घसरण. एवढ्या वेळात राजदूताची तार पोचून, वाचून, मंत्रिमंडळात चर्चा होणंसुद्धा अवघड.

त्याच आठवड्यात दुसरा घोळ झाला तो जमवाजमवीचा, म्हणजे राखीव सैनिक बोलावून फौज उभी करण्याचा. रशियाच्या झारने २९ जुलैला सर्वसाधारण जमवाजमवीचा हुकूम मागे घेऊन अर्धवटच जमवाजमव करायचं ठरवलं. पण अर्धवट जमवाजमव केली तर पुढे पूर्ण जमवाजमवीचा बोजवारा उडेल, असं सेनापतींचं म्हणणं होतं. ३० तारखेला त्याने तो हुकूम पुन्हा दिला. रशिया सज्ज होण्याआधी त्याचा मित्र फ्रान्सला लोळवायचं, यावर जर्मनीची सगळी योजना उभी होती. त्यामुळे रशियाने फौज गोळा करणं बर्लिनमध्ये हल्ल्याइतकंच गंभीर ठरलं. १ ऑगस्टला कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सगळं सैन्य पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने वळवायला सांगितलं, तेव्हा आखून झालेली योजना आता फिरवता येणार नाही, असं सेनाप्रमुख मोल्टकेने त्याला सांगितलं. म्हणून कोणत्याही संकटात हा प्रश्न विचारा: ही हालचाल अर्ध्यावर थांबवता येते का?

रणगाड्यांचे फोटो पाहून निष्कर्ष काढू नका. सरावालाही रणगाडे लागतात. रसद बघा: इंधनाचे टँकर, तात्पुरते पूल, फिरती रुग्णालयं, रक्ताचा साठा. लाल रक्तपेशी थंडीत ठेवूनही पाच-सहा आठवडेच टिकतात, त्यामुळे नुसत्या धाकासाठी रक्त सीमेवर नेणं परवडत नाही. जानेवारी २०२२ च्या अखेरीस रशियाने युक्रेनच्या सीमेजवळ रक्त हलवल्याच्या बातम्या आल्या. १५ फेब्रुवारीला रशियाने काही तुकड्या तळावर परतत असल्याचं जाहीर केलं आणि २४ फेब्रुवारीला हल्ला झाला. दुसरा रकाना शांत, तिसरा भरलेला.

दूतावासातल्या कुटुंबांची रवानगी हीसुद्धा अशीच खूण. ऑक्टोबर १९७३ मध्ये सोव्हिएत कुटुंबं इजिप्त आणि सीरियातून घाईने बाहेर पडली आणि ६ तारखेला युद्ध सुरू झालं. इस्रायलला ही हालचाल दिसत होती. पण त्याच वर्षी वसंतात खोट्या ठरलेल्या इशाऱ्यावर त्याने मोठा खर्च करून तयारी केली होती, त्यामुळे या वेळी खात्री पटायला उशीर झाला. आधीचा इशारा फुकट गेला म्हणून पुढच्याचं वजन कमी करू नका. दोन्ही इशाऱ्यांच्या वेळचा तिसरा रकाना शेजारी ठेवून ताडून बघा.

कोंडीकडेही लक्ष हवं. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानने दक्षिण इंडोचायना ताब्यात घेतला आणि अमेरिकेने तेल तोडलं. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच येत होतं. साठा रोज घटत होता, त्यामुळे वाट पाहणं म्हणजे दुबळं होत जाणं. थांबणं हाच तोटा वाटू लागलेला देश सर्वात धोकादायक असतो.

आता तणावाचा उतार कसा ओळखायचा. सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं नेल्यावर, ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाभोवती जहाजं उभी करताना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी ‘नाकेबंदी’ हा शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटलं, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी हे युद्धाचं कृत्य मानलं जातं. एका शब्दाने सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना मागे फिरायला जागा राहिली. पुढे क्युबावर हल्ला न करण्याचं वचन उघडपणे दिलं गेलं, आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचा शब्द गुपचूप. निरोप पोचायला तासन्‌तास लागल्याने दोन्ही राजधान्या हादरल्या होत्या. म्हणून १९६३ मध्ये थेट टेलिप्रिंटर जोडणी झाली.

समेटाची बातमी आली तरी वही लगेच मिटू नका. राखीव सैनिक घरी परतले, फिरती रुग्णालयं उचलली गेली, इंधनाचे टँकर मागे गेले, अशा तीन नोंदी तिसऱ्या रकान्यात तारखेसकट आल्या की मगच ते पान उलटा.