विंडोज ११ बसत नाही म्हणायलेत? पीसी भंगारात द्यायच्या आधी एवढं बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून लातूर, नांदेड, परभणी कुठंबी विचारा, एकच उत्तर, मशीन जुनी झाली, नवी घ्या. अहो मशीनला काहीच झालेलं नसतं, नियम मायक्रोसॉफ्टनं बदललाय, आणि आपली मशीन त्यात नेमकी कुठं अडकली ते घरी बसून कळतं, त्यासाठी दुकानात कामून पैसे द्यायचे?

आधी प्रोसेसर बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. आय५-७४०० असं काही असलं तर डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी जनरेशन (पाच आकडे असले तर पहिले दोन धरा). इंटेलची आठवी किंवा पुढची लागते, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढं, पण त्यातले सगळे चालत नाहीत, मायक्रोसॉफ्टची यादी बघूनच ठरवा. सातवीतले अगदी मोजके घेतलेत, त्यातला एक त्यांच्याच सरफेस स्टुडिओ २ मधला, म्हणजे मास्तरनं घरच्या पोराला ग्रेस मार्क दिल्यासारखं.

आठवी असूनबी नाही म्हणत असेल तर बऱ्याचदा टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटीची सोय, नुसतं बंद असतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावानं सापडतं, चालू करून सेव्ह करा, झालं. पण बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाचा नंबर, लिहून ठेवा. आणि बायोस लेगसी म्हणजे जुन्या मोडवर असला तर डायरेक्ट यूईएफआय, म्हणजे ११ ला लागणारा नवा मोड, करू नका, डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असते त्यामुळं विंडोज सुरूच होत नाही, आधी डेटा पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढा, मग विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी वापरून तीच डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत आणा, मगच यूईएफआय करा, आणि हे सगळं यूपीएसवरच, आपल्याकडची लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

सातवी किंवा त्याआधीची असेल तर विंडोज १० वरच ईएसयू (सपोर्ट संपल्यावरची वाढीव अपडेटची योजना) घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतात, विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवून नियम टाळून ११ टाकणारे लई आहेत, चालतं, पण पुढं अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, त्यामुळं बँकेच्या कामाच्या मशीनवर मी तरी टाकणार नाही. नुसतं नेट, यूट्यूब, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, जुन्या मशीनवर मस्त पळतं. मोंढ्यात आडतीवर टॅली किंवा फ्लेक्सच्या दुकानात कोरल चालवत असाल तर मात्र मिंटच्या नादी लागू नका, दोन्ही त्यावर नीट चालत नाहीत, विंडोजच ठेवा.

एवढं करूनबी दुसरी मशीन घ्यायचीच वेळ आली तर पुण्याहून येणारे कंपनीतले जुने लॅपटॉप बघा, फक्त "आय५ आहे" यावर भुलू नका, जनरेशन विचारा, सहावी-सातवीचेच स्वस्तात खपवायलेत. आणि कीबोर्डवर कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय) बटण आहे म्हणून पाच पैसे जास्त देऊ नका, कोपायलट प्लस म्हणजे खऱ्या एआय पीसीला ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयसाठीचा वेगळा प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅम लागते, नुसत्या बटणानं काय होतंय.