शाळेसाठी गावातल्या शेतकऱ्याकडून भाजी घेताय? मग या चुका टाळा

खटाव-कोरेगावकडे, तासगाव-जत साईडला बऱ्याच शाळा व्यवस्थापन समित्यांमध्ये हल्ली हा विषय निघतोय, की पोषण आहाराची भाजी तालुक्याच्या मार्केटमधून कशाला आणायची, गावातच पिकतीय की. एकदम बरोबर विषय आहे. पण सुरू झालेलं दोन-चार महिन्यात बंद पडतं आणि कारणं जवळपास सगळीकडं तीच असतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पैशाची. भाजीपाल्याचं अनुदान उशिरा येतं हे मुख्याध्यापकांना माहीत असतं, समितीला माहीत असतं, फक्त शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. तो सकाळी सकाळी माल आणून देतो, वहीत नोंद होते, महिना जातो, दोन जातात, मग तो काही न बोलता यायचा बंद होतो आणि आपण म्हणतो शेतकरी टिकत नाहीत. अहो त्याला औषध, मजुरी, लाईटबिल सगळं त्याच आठवड्यात भागवायचं असतं. त्यामुळं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, "तात्या, बिल निघायला एवढा टाईम लागंल, चालतंय का?" आणि सगळा भार एकाच शेतकऱ्यावर टाकू नका, चार-पाच जणांत वाटून घ्या. गावातले नोकरदार, माजी विद्यार्थी यांच्याकडून थोडी रक्कम फिरती ठेवता आली तर फारच उत्तम, शेतकऱ्याला आठवड्याला पैसे जातात आणि अनुदान आलं की ती रक्कम परत भरायची. प्रत्येक वेळी वजनाची चिठ्ठी, दोन सह्या, पैसे खात्यावर. तोंडी हिशोबातनं भांडणं लागतात आणि मग चांगली माणसंच बाजूला होतात.

दुसरी चूक म्हणजे अंदाजपंचे ऑर्डर. नियमानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. म्हणजे 80 पोरांच्या प्राथमिक शाळेला झाली 4 किलो. आता मेथी घेतली तर मुळं, माती, जाड देठं, पिवळी पानं काढून स्वयंपाकी ताईंच्या हातात जे राहतं ते जुडीच्या वजनापेक्षा बरंच कमी भरतं, म्हणून मोजायची ती निवडलेली भाजी, जुडी नाही. आणि उलट बाजूनं बघा, फक्त 4 किलोसाठी कोण गाडी काढंल? इथं आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांनी एकत्र यायला पाहिजे, तसल्या आठ शाळा मिळाल्या की 32 किलो होतात, मग बचत गटाची एखादी ताई किंवा एक टेम्पोवाला वाटेवरच्या सगळ्या शाळांना माल देऊ शकतो. पटसंख्याही बदलत असते, जतकडची माणसं ऊसतोडीला गेली की काही शाळांत पोरं कमी होतात, कारखान्याच्या पट्ट्यात टोळ्यांची पोरं वाढतात, यात्रेच्या दिवशी तर अर्धी शाळा रिकामी. हे आदल्या दिवशी शेतकऱ्याला एका मेसेजनं कळवा, एवढं तरी कराच.

मेनू आधी छापायचा आणि मग भाजी शोधत फिरायचं, हेही चुकतं. पाटण-जावळीच्या पावसात जुलैमध्ये पालेभाजी सडते, तिथं भोपळा, दोडका घ्या, हिवाळ्यात मेथी, पालक, पावटा, गाजर भरपूर असतं तेव्हा ते घ्या. आणि ठरवताना स्वयंपाकी ताईंना विचारा! गवार मोडायला किती वेळ लागतो ते त्यांनाच माहीत.

दराचा वाद नको असेल तर आठवड्याला एकदा बाजार समितीचा दर बघून ठरवा आणि शनिवारपर्यंत तोच ठेवा. गाडीभाडं वाचतंय म्हणून शेतकऱ्याला घाऊक दरापेक्षा थोडं जास्त द्यायला हरकत नसावी, तरी शाळेला किरकोळ बाजारापेक्षा स्वस्तच पडतं.

"लायसन्स नाही, जीएसटी नंबर नाही, कसं घेणार?" हा प्रश्न हमखास येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या पिकाला लागू नाही, ताज्या भाजीवर जीएसटी नाही, आणि महाराष्ट्रात 2016 पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा आहे. पण डाळ भरडून, चटणी-मसाला करून पॅकिंगमधून विकणाऱ्या गटाला नोंदणी लागते, तिथं गल्लत करू नका.

आता जे हलक्यात घेतलं जातं ते, फवारणी. वांगी, फ्लॉवर, टोमॅटोवर शेवटची फवारणी कधी झाली, कुठलं औषध, हे विचारायलाच पाहिजे, डब्याच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस झाले नसतील तर माल परत, मग तो सरपंचाच्या शेतातला असला तरी. औषधाच्या रिकाम्या बॉक्समधून, पोत्यातून भाजी आणली तर ती आतच घेऊ नका, शाळेनं स्वतःचे दोन क्रेट ठेवावेत. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक मिसळलेलं तेल गेलं आणि 23 लेकरं दगावली. शिजल्यावर आधी मोठ्या माणसानं चव घ्यायची पद्धत आहे, ती रोज पाळा.

तांदूळ सरकारकडून येतो, डाळ-तेलाचा पुरवठाही वरून ठरलेला असतो, त्यात सुरुवातीला हात घालू नका, भाजीपासून सुरू करा. आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर शेतकऱ्याकडं जाऊन उपयोग नाही, कारण वांग्याचं रोप लावल्यापासून तोडा चालू व्हायला दोन महिने तरी जातात. एप्रिलच्या सभेतच कोण काय लावणार ते लिहून घ्या आणि दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी कधी आहे ते त्याच कागदावर टाका, म्हणजे ऐन तोड्यात शाळा बंद आणि माल बांधावर असं व्हायचं नाही.