‘एकच प्याला’ बसवताना या चुका टाळा

राम गणेश गडकऱ्यांच्या दारूच्या व्यसनावरील या नाटकाच्या पाचव्या अंकात, नायक सुधाकराची बायको सिंधू हिच्या मरणप्रसंगी प्रेक्षागृहातून खसखस ऐकू आली की हौशी मंडळी ‘हल्लीच्या लोकांना मेलोड्रामा झेपत नाही’ असे म्हणून मोकळी होतात. पण त्या हशाचे मूळ बहुधा पहिल्या दोन अंकांत सापडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुधाकराला फार लवकर दारुडा करून टाकणे. गडकऱ्यांचा सुधाकर हा हुशार आणि मानी वकील आहे. मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडून वकिलीच्या सनदेवर गदा येते आणि दुखावलेल्या त्या अहंकारापुढे दारुडा तळीराम पहिला प्याला धरतो. पहिल्या घोटापासूनच नट झोकांड्या खाऊ लागला, तर पुढे घसरायला जागाच उरत नाही. तालमीत त्याला झिंगण्याऐवजी ताठ उभे राहण्याची धडपड करायला सांगावे, कारण प्यायलेला माणूस आपण शुद्धीवर आहोत हे दाखवण्यातच सारी शक्ती खर्च करतो. उपरण्याचे टोक तीनतीनदा सारखे करणारा सुधाकर धडपडणाऱ्या सुधाकरापेक्षा अधिक भीती घालतो.

पाच अंकांना कात्री लागणारच, पण ती हटकून आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, विनोदी प्रवेशांवर चालते. हे प्रवेश म्हणजे तोंडी लावणे नव्हे. तळीरामाच्या कोट्यांना हसता हसता प्रेक्षक स्वतःच त्या मंडळाचा सभासद होतो आणि नंतरच्या अंकांत त्याला त्या हसण्याची किंमत मोजावी लागते. कापायचेच असेल तर सुधाकराचा मित्र रामलाल याच्या लांब भाषणांतला एखादा विचार अख्खा काढावा. निव्वळ विशेषणे गाळल्यास अनुप्रासांवर तोललेले वाक्य लंगडे होते आणि नटाला श्वास कुठे घ्यावा ते कळेनासे होते.

कार्यक्रमपत्रिकेतही घोटाळे होतात. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, ती गडकऱ्यांच्या नावावर छापू नयेत. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग २० फेब्रुवारीला बडोद्यात केला. तेव्हा त्यांनी तो पाहिल्याच्या आठवणी निवेदकाने रंगवू नयेत.

वेशभूषेत सिंधूला शेवटपर्यंत नवे कोरे लुगडे नेसवले जाते, हे तर अक्षम्यच म्हणावे लागेल. स्त्रीभूमिका करणारे आणि शालू-पैठण्यांसाठी नावाजलेले नट बालगंधर्व या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसत. आणि गळा काढून रडणे चौथ्या अंकातच संपवू नये. फौजदारापुढे सिंधू मरता मरता नवऱ्याचा गुन्हा नाकारते, ते वाक्य कोरड्या, जवळजवळ व्यवहारी आवाजात यावे. तिथे पेटीसुद्धा वाजवू नये.