साथीच्या काळातील मतदानाच्या नियमांना न्यायालयात आव्हान कसे द्यावे

साथरोग पसरलेला असताना निवडणूक घ्यावी लागली की मतदानाचे नियम घाईने बदलतात. टपाली मतदानाची सोय काही गटांना मिळते आणि काहींना मिळत नाही, केंद्रांची फेररचना होते, कधी निवडणूकच लांबणीवर पडते. अशा बदलामुळे पात्र मतदार मतदानाला मुकणार असेल, तर न्यायालयात दाद मागता येते; मात्र नियम योग्य की अयोग्य याचा विचार होण्यापूर्वी आपण वेळेत आणि योग्य ठिकाणी आला आहात का, हे पाहिले जाते. बहुतेक याचिका याच पायरीवर अडखळतात, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९(ब) नुसार लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज, म्हणजे निकालानंतर उच्च न्यायालयात दाखल करायच्या याचिकेखेरीज, अन्य मार्गाने आव्हान देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली पोन्नुस्वामी प्रकरणात ‘निवडणूक’ या शब्दात अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया येते असे ठरवले, आणि तेव्हापासून अधिसूचना निघाल्यावर दाखल झालेल्या रिट याचिकेकडे (शासन वा प्राधिकरणाला थेट आदेश द्यावा, अशी मागणी करणाऱ्या याचिकेकडे) न्यायालये सावधपणे पाहतात. दुसरीकडे, फार लवकर गेल्यानेही काम बिघडते. बिहार विधानसभेची निवडणूक कोविडमुळे पुढे ढकलावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी फेटाळली, आणि त्याचे एक कारण अधिसूचना अद्याप निघालेलीच नाही हे होते. या दोन टोकांमधून वाट काढायची असेल, तर आव्हान निवडणुकीला न देता तिला लागू होणाऱ्या नियमाला द्यावे. नियम राजपत्रात प्रसिद्ध होतो, त्याची तारीख निवडणुकीच्या तारखेहून स्वतंत्र असते, आणि तो प्रसिद्ध होताच तक्रारीला कारण घडलेले असते. म्हणून राजपत्रावर लक्ष ठेवावे आणि निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये.

यानंतर नियमाचे मूळ शोधावे, कारण युक्तिवाद त्यावर ठरतो. टपाली मतदानाचे उदाहरण घेऊ. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६०(क) मध्ये निवडणूक आयोगाला शासनाशी विचारविनिमय करून टपालाने मत देणारे वर्ग ठरवता येतात. त्याखालील निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये २०१९ साली ८० वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांसाठी, तर जून २०२० मध्ये ६५ वर्षांवरील आणि कोविडबाधित वा संशयित मतदारांसाठी दुरुस्ती झाली. पुढच्याच महिन्यात आयोगाने ६५ वर्षांवरील सर्वांना ही सोय बिहारमध्ये न देण्याचे ठरवले. येथे अधिनियम, नियम आणि आयोगाचा निर्णय असे तीन थर आहेत. अधिनियम घटनेशी विसंगत आहे असे म्हणायचे असेल तर ते स्पष्टपणे मांडावे लागते. नियम अधिनियमाच्या मर्यादेबाहेर गेला असेल तर तो मुद्दा वेगळा. आणि आयोगाचा निर्णय मनमानी असेल तर समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद १४ चा आधार घ्यावा. या दुरुस्त्यांनाच आव्हान देणारी एक याचिका मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फेटाळली, त्यामुळे तोच मार्ग पुन्हा धरणाऱ्याने तो निकाल आधी वाचून आपले प्रकरण कोठे वेगळे आहे हे याचिकेतच सांगावे.

आयोगाच्या निर्णयाविरुद्ध लढताना मोहिंदरसिंग गिल प्रकरणातील १९७७ चा निकाल फार उपयोगी आहे. अनुच्छेद ३२४ मधील आयोगाचे अधिकार व्यापक असले, तरी जेथे कायदा आहे तेथे आयोगाने त्यानुसारच वागले पाहिजे, आणि आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. म्हणून न्यायालयात जाण्यापूर्वी आयोगाला लेखी निवेदन द्यावे, पोचपावती जपावी आणि मूळ आदेशाची प्रत मिळवावी. निवेदनाला उत्तरच आले नाही, तर ते मौनही पुढे कामी येते.

मागणी कशी लिहावी, यावर माझ्या मते सर्वाधिक वेळ खर्च करावा. अशोक कुमार प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निवडणूक थांबवणारा किंवा लांबवणारा हस्तक्षेप न्यायालयाने टाळावा, पण तिला साह्यभूत होणारा हस्तक्षेप करता येतो. समजा, टपाली मतदानाचा अर्ज, म्हणजे नमुना १२-ड, अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा आहे आणि सहाव्या दिवशी एखाद्याला संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्याच्यासाठी ‘मतदान स्थगित करा’ असे मागितल्यास दार जवळजवळ बंदच होते. त्याऐवजी शेवटच्या तासात त्याला केंद्रावर सुरक्षितपणे मत देता यावे, त्यासाठी वाहन आणि स्वतंत्र रांग असावी, अशी मागणी केल्यास न्यायालयाला काही करता येण्याजोगे हाती लागते. २०२० साली आयोगाने विलगीकरणातील मतदारांसाठी शेवटच्या तासाची सोय केलेली असल्याने अशा मागणीला पूर्वाधारही आहे. पुरावा म्हणून बाधित मतदारांची प्रतिज्ञापत्रे, वैद्यकीय अहवाल आणि तारखांचा तक्ता जोडावा. सुनावणीत न्यायाधीशांनी उच्चारलेल्या कठोर शब्दांवर मात्र विसंबू नये. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आयोगाबद्दल केलेली तोंडी टिप्पणी गाजली, पण ६ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे शेरे लेखी आदेशाचा भाग नसतात हे नमूद केले.

निकाल लागून गेला असेल, तर उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका हाच मार्ग उरतो. ती निवडून आलेल्या उमेदवाराच्या निवडीच्या तारखेपासून ४५ दिवसांत उमेदवाराने किंवा त्या मतदारसंघातील मतदाराने दाखल करायची असते. उशीर माफ होत नाही आणि २,००० रुपयांची सुरक्षा ठेव न भरल्यास याचिका फेटाळली जाते. नियमभंग झाला एवढे सिद्ध करून भागत नाही, त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही कलम १०० प्रमाणे दाखवावे लागते. मताधिक्य मोठे असेल आणि वंचित मतदार थोडे असतील, तर हा मार्ग बहुधा निष्फळ ठरतो.

ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिकांसाठी प्राधिकरण राज्य निवडणूक आयोग आहे आणि अनुच्छेद ३२९ ऐवजी २४३-ओ व २४३-झेडजी लागू होतात. येथे तक्रार बहुधा निवडणूक न घेतल्याची असते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे हे घटनात्मक कर्तव्य आहे आणि त्याला अपवाद क्वचितच, असे किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ साली ठरले आहे. तरीही आंध्र प्रदेशच्या आयोगाने मार्च २०२० मध्ये साथीमुळे स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. आचारसंहिता मात्र उठवायला सांगितली. अशा प्रकरणात तत्काळ मतदानाचा आग्रह धरण्याऐवजी आयोगाने ठरावीक मुदतीत कार्यक्रम जाहीर करावा आणि तोवर नेमलेल्या प्रशासकाचे अधिकार मर्यादित राहावेत, अशी मागणी करावी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध अर्ज करण्यासाठी मात्र निकाल जाहीर झाल्यापासून फक्त १५ दिवस मिळतात, म्हणून कागदपत्रे मतदानापूर्वीच तयार ठेवावीत.