लग्नाच्या तीन कॅसेटी, एक डीव्हीडी: हार्ड डिस्कवर जागा किती लागेल?

डीव्हीडी ४.७ जीबीची, तेव्हा हार्ड डिस्कवर दहा-बारा जीबी मोकळी असली की झालं, असं समजून कामाला बसलं तर पहिली कॅसेट संपायच्या आतच डिस्क भरते. कारण जागा डीव्हीडीच्या मापाने लागत नाही. काम चालू असताना तीच दृश्यं तीन-चार वेगवेगळ्या रूपांत एकाच वेळी डिस्कवर पडलेली असतात, जागा ती खातात. उदाहरणाला सीमांतपूजनापासून वरातीपर्यंतच्या तीन मिनीडीव्ही (जुन्या डिजिटल कॅमकॉर्डरच्या छोट्या) कॅसेटी घेऊ, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. त्यातून दोन तासांची डीव्हीडी करायची आहे.

मिनीडीव्हीचा डेटा सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, म्हणजे तासाला १३ जीबी. तीन कॅसेटींचे ३९ जीबी. कॅमेरा फायरवायरनेच (व्हिडिओ उतरवायची खास केबल) जोडा; बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून फक्त मेमरी कार्डावरचे फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्र येतं. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही.

इथला नेहमीचा घोळ असा: डिस्कवर दोनशे जीबी रिकामी, तरी कॅप्चर (कॅसेट डिस्कवर उतरवणं) विसाव्या मिनिटाला थांबतं. ती डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. विंडोजवर एनटीएफएस वापरा. मॅकवरही न्यायची असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

कॅप्चर करताना मधल्या फ्रेम (एकेक चित्र) गळायला लागल्या की लोक नवी वेगवान डिस्क आणायला निघतात. गरज नसते. सेकंदाला ३.६ एमबी जुनी ५४०० आरपीएमची डिस्कही आरामात लिहिते. दोष बहुधा चालू असलेल्या अँटिव्हायरस स्कॅनचा, स्लीप मोडचा किंवा काठोकाठ भरलेल्या, तुकडे-तुकडे झालेल्या डिस्कचा असतो. कॅप्चर सी ड्राइव्हवर करू नका आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडू नका.

एडिटिंगमध्ये कापाकापीला जागा लागत नाही, मूळ फाइलला हात लागतच नाही. जागा जाते ती टायटल, ट्रान्झिशन, रंगदुरुस्ती यांच्या रेंडर फाइलींत, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने बनवून ठेवतं त्या तुकड्यांत. यासाठी ५ ते १० जीबी धरा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश (तात्पुरत्या फाइली) मुळात सी ड्राइव्हवर साठते. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिचा फोल्डर बदला, नाहीतर विंडोजच रडू लागतं. तयार फिल्म पुन्हा डीव्ही फाइल म्हणून काढली तर दोन तासांचे आणखी २६ जीबी गेले. ते टाळून टाइमलाइनवरून थेट एमपेग-२ (डीव्हीडीला लागणारी दाबलेली व्हिडिओ फाइल) काढता येतं. पण नंतर बदल होण्याची शक्यता असेल (आणि लग्नाच्या फिल्ममध्ये ती असतेच, कुणाची तरी मावशी राहिलेली असते) तर ते २६ जीबी वाया जात नाहीत.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. त्याला सेकंदांनी भागा: दोन तासांचे ७,२०० सेकंद, उत्तर सेकंदाला ५.२ मेगाबिट. मेनू आणि किरकोळ खर्चासाठी थोडं सोडून एकूण ५ धरा. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ किलोबिटवर ठेवला की चित्राला ४.८ मेगाबिट उरतात. आवाज पीसीएममध्ये (न दाबलेला) सोडलात तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि अक्षता पडताना चित्राचे चौकोन दिसू लागतात. तीन तास एकाच डिस्कवर कोंबायचे म्हटले तर चित्राला जेमतेम सव्वातीन मेगाबिट मिळतात. त्यापेक्षा दोन डिस्का करा. उलट फिल्म तासाभराचीच असली तरी ८ मेगाबिटच्या वर जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात.

विंडोज ४.७ जीबीची डिस्क ४.३७ जीबी दाखवतं. डिस्क खोटी नसते, मोजायची रीत वेगळी. म्हणून तयार फोल्डर प्रॉपर्टीजमध्ये ४.३ च्या आत हवा. एमपेग-२ फाइल, त्यावरून बनलेला डीव्हीडीचा फोल्डर आणि बर्न करायची आयएसओ इमेज (अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल), तिन्ही मिळून १३ जीबी. सगळी बेरीज ९० जीबीच्या आसपास जाते. १०० जीबी मोकळे असल्याशिवाय पहिली कॅसेट घालू नका.

बर्न नेहमी आयएसओवरून, ४एक्स किंवा ८एक्सवर करा आणि व्हेरिफाय चालू ठेवा. प्रती लागल्या तर तीच इमेज पुन्हा वापरायची. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. तोल जातो आणि प्लेअरमध्ये चित्र अडकतं.

व्हीएचएस कॅसेट लॉसलेस (दर्जा न घटवता) उतरवली तर तासाला ३० ते ३५ जीबी लागतात. आजच्या १०० मेगाबिटच्या फोरके शूटिंगला तासाला ४५. दोन कॅमेऱ्यांचे सहा-सहा तास म्हणजे ५४० जीबी, त्यावर प्रोरेस फॉरमॅटच्या फुल एचडी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) केल्या तर आणखी सुमारे २००. तिथे १ टीबीची डिस्क (जी विंडोजला ९३१ दिसते) एकाच लग्नात भरत येते.

काम झाल्यावर रेंडर फाइली, कॅश, प्रॉक्सी आणि डीव्हीडीचा फोल्डर पुसून टाका. मूळ कॅप्चर, प्रोजेक्ट फाइल आणि आयएसओ मात्र दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय पहिलीला हात लावू नका.